आपल्या प्रकृतीची वही आपल्या हाती

प्रत्येक घरात एक पिशवी असते. ती बहुधा कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा देवघराशेजारच्या खुंटीवर असते. कापडाच्या दुकानाचे नाव तिच्यावर छापलेले असते आणि आत घरातील वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीचा सारा इतिहास कोंबलेला असतो : डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्त-लघवीच्या तपासण्या, ईसीजीच्या फिकट होत चाललेल्या पट्ट्या, क्ष-किरणांची काळी चित्रे आणि औषधांची बिले. माणसांचे वय वाढते तसतशी ही पिशवी जड होत जाते.

अलीकडे ही पिशवी खुंटीवरून उतरून मोबाईलमध्ये जाऊ लागली आहे. हे स्थित्यंतर इष्ट की अनिष्ट, या वादात आम्हांला पडावयाचे नाही. ते घडत आहे आणि घडणारच आहे. आमचा प्रश्न त्याहून साधा आहे. ज्यांच्या आजारपणाची ही वही, त्या वृद्धांना ती स्वतः उघडता येते काय, वाचता येते काय? गेल्या पावसाळ्यापर्यंत आम्हांलाही हा प्रश्न पडला नव्हता. तो पडावा असा प्रसंग आमच्या आप्तांतच घडला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे मामा आज 83 वर्षांचे आहेत. दक्षिण मध्य रेल्वेची स्थापना 2 ऑक्टोबर 1966 रोजी झाली आणि सिकंदराबाद हे तिचे मुख्यालय ठरले. त्यानंतर मराठवाड्यातून नोकरीनिमित्त येऊन येथेच स्थिरावलेल्या अनेक कुटुंबांपैकी त्यांचे एक. मामांनी सारा जन्म रेल्वेचे दप्तर सांभाळण्यात घालविला. निवृत्तीनंतर मारेडपल्लीच्या घरात त्यांनी आपल्या प्रकृतीचे कागदही त्याच शिस्तीने ठेवले होते. हृदयाचे एक दप्तर, डोळ्यांचे दुसरे, किरकोळ दुखण्यांचे तिसरे.

मामांचा मुलगा बंगळूरला असतो. मुलगा कर्तव्यदक्ष आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. दिवाळीला आला असता त्याने वडिलांचे सर्व कागद मोबाईलच्या कॅमेऱ्याने टिपून एका आरोग्यविषयक ॲपमध्ये साठविले. खाते उघडताना ज्या क्रमांकावर ओटीपी यावयाचा तो क्रमांक त्याने स्वतःचा दिला, कारण आधारशी तोच जोडलेला होता. "आता तुमचा सगळा इतिहास खिशात आला, अप्पा," असे सांगून त्याने मूळ कागद रद्दीत घातले. मामा काही बोलले नाहीत. त्या रात्री ते जेवलेही नाहीत, असे मामींनी आम्हांला पुढे सांगितले.

श्रावणातील एका रात्री मामा न्हाणीघरात घसरून पडले. डोक्याला खोक पडली आणि रक्त थांबेना. आम्ही त्यांना जवळच्या एका रुग्णालयात नेले. तेथील तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "यांना रक्त पातळ करण्याचे औषध चालू आहे काय?" डोक्याला मार लागलेल्या वृद्धाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर वेळेवर मिळणे किती महत्त्वाचे असते, ते आम्हांला नंतर कळले. असे औषध चालू असेल, तर मेंदूत होणारा अल्पसा रक्तस्रावही वाढत जाण्याची भीती असते. मामा भांबावलेले होते. "संध्याकाळची बारीक गोळी," एवढेच ते म्हणाले.

आम्ही मामांचा मोबाईल उघडला. ॲपने ओटीपी मागितला. ओटीपी बंगळूरच्या क्रमांकावर गेला. मुलगा त्या वेळी विमानात होता आणि त्याचा मोबाईल बंद. आम्ही पुन्हा मागितला, पुन्हा मागितला. चौथ्या वेळी ॲपने आम्हांला बजावले की प्रयत्न फार झाले, आता काही काळाने यावे. मामांच्या 20 वर्षांच्या नोंदी आमच्या तळहातावर होत्या आणि त्यांतील एक अक्षरही आम्हांला वाचता येत नव्हते.

तेव्हा मामी म्हणाल्या, "माझ्या हिशेबाच्या वहीत असंल बघ." शेजारच्या मुलाने धावत जाऊन वही आणली. दूध, भाजी, इस्त्री यांच्या नोंदींत दर महिन्याच्या 5 तारखेला औषधांची यादी होती आणि तीत मामींच्या वळणदार बाळबोध अक्षरात लिहिले होते, "वारफ्रिन, 2 मि.ग्रॅ." वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध. रक्ताची तपासणी व डोक्याचा स्कॅन तत्काळ झाला. सुदैवाने आत रक्तस्राव नव्हता. दोन दिवसांनी मामा घरी आले.

एवढ्यावरून कागदाची पिशवी श्रेष्ठ आणि मोबाईल कनिष्ठ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो अन्याय होईल. 13 ऑक्टोबर 2020 च्या रात्री या शहरावर जो पाऊस कोसळला तो येथील कोणीही विसरलेला नाही. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध विधवेच्या घरात त्या रात्री कमरेइतके पाणी शिरले. भांडीकुंडी परत घेता आली. कर्करोगावरील उपचारांचे 6 वर्षांचे कागद मात्र लगदा होऊन गेले आणि पुढील डॉक्टरांना त्यांनी सारे आठवून आठवून सांगितले. कागद भिजतो, कसर लागते, एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना हरवतो. मुलांकडे चार महिने पुण्यास व चार महिने परदेशी राहणाऱ्या आपल्या समाजातील वृद्धांना तर आपली नोंद आपल्यासोबत फिरेल अशी सोय हवीच आहे.

ही सोय करण्याचा प्रयत्न शासनानेही आरंभिला आहे. 15 ऑगस्ट 2020 रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली. प्रथम सहा केंद्रशासित प्रदेशांत आणि 27 सप्टेंबर 2021 पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने देशभर ते सुरू झाले. त्याखाली प्रत्येकाला 14 अंकी 'आभा' क्रमांक घेता येतो. तो घेणे ऐच्छिक आहे. 2025 च्या आरंभापर्यंत असे 73 कोटींहून अधिक क्रमांक दिले गेले होते. आमच्या तेलंगणातही 2022 साली मुलुगु आणि राजन्ना सिरसिल्ला या दोन जिल्ह्यांत घरोघरी जाऊन नागरिकांच्या आरोग्याची डिजिटल नोंद करण्याचा प्रयोग झाला. या योजनेतील एक गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. सर्व नोंदी दिल्लीतील एखाद्या कोठारात जमा होत नाहीत. त्या ज्या रुग्णालयात वा प्रयोगशाळेत तयार झाल्या तेथेच राहतात. हा क्रमांक त्यांना जोडणारा दोरा आहे, आणि रुग्णाची संमती असेल तरच, जितक्या मुदतीपुरती असेल तितक्याच मुदतीपुरती, एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी दिसते. दिलेली संमती मागेही घेता येते.

तत्त्व म्हणून हे फार मोठे आहे. येथून जवळच बेगमपेठेत 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा जंतू आढळला. ज्याचे रक्त त्या डासाने प्याले होते तो हुसेन खान नावाचा रुग्ण होता आणि डासामागे एक आणा या दराने त्याने स्वतःला चावून घेतले होते. त्याच्याविषयी जे काही ठाऊक आहे ते रॉस यांनी लिहून ठेवले म्हणून. रुग्णाच्या हाती त्याच्या रोगाची वही असावी, ही कल्पनाच त्या काळी कोणाला शिवली नसती. आज ती कल्पना सरकारी धोरण झाली आहे. पण वही हाती असणे निराळे आणि ती उघडता येणे निराळे.

मामा बरे झाल्यावर आम्ही त्यांना विचारले, "मामा, आपण हे खाते तुमच्या हाताने चालवून बघायचं का?" मामा म्हणाले, "माझ्या दुखण्याची वही आणि किल्ली पोराच्या खिशात, हे मला पहिल्या दिवसापासून पटलं नाही बघ. शिकव तू." ओळीने पाच रविवार आम्ही त्यांच्याकडे गेलो. तीस वर्षे मुलांना शिकवूनही जे आमच्या ध्यानात आले नव्हते, ते या पाच रविवारी आले.

पहिला रविवार आधार केंद्रातील क्रमांक बदलण्याच्या खटपटीतच गेला. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र तिसऱ्यांदाही ओळखीना. दुसऱ्या रविवारी मोबाईल हाती घेतला. पांढऱ्या पडद्यावर फिकट करड्या रंगाची बारीक इंग्रजी अक्षरे होती. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना ती दिसतच नव्हती. सहा आकडी ओटीपी पाहण्यासाठी संदेशांच्या पानावर जावे, आकडे पाठ करावेत आणि परत यावे, तो मधल्या वेळात भरलेले पान कोरे झालेले. घड्याळाचे आकडे उतरत्या क्रमाने पळत होते आणि मामांचा हात कापत होता. "अरे, हे काय शर्यत आहे का?" ते म्हणाले. मेनूच्या तीन आडव्या रेघा, दातेरी चाक, बाण फुटलेली चौकट, या चिन्हांचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. तो माहीत आहे असे ॲप करणाऱ्यांनी गृहीत धरले होते.

याहून बिकट अडचण मनाची होती. चुकीचे बटन दाबले तर सारे पुसले जाईल ही भीती, आणि दुसरी भीती फसवणुकीची. बँक रोज बजावते की ओटीपी कोणालाही सांगू नका. रुग्णालयाच्या खिडकीवरचा माणूस मात्र म्हणतो, "आलेला नंबर सांगा." मामांनी विचारले, "या दोघांतलं खरं कोण?" आमच्यापाशी सरळ उत्तर नव्हते. ज्या माणसाने आयुष्यभर नियम पाळले, त्याला आपण परस्परविरोधी दोन नियम देतो आणि गोंधळला की त्याला वयाचा दोष देतो.

तिसऱ्या रविवारी खाते उघडले. आत 47 कागद होते आणि त्यांची नावे 'दस्तऐवज 1', 'दस्तऐवज 2' अशी. मामा खिन्नपणे हसले. "ही रास झाली. याला दप्तर म्हणत नाहीत." त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. डॉक्टरला हवे असते ते अशा क्रमाने : रोग कोणता, औषध कोणते, कधीपासून, शेवटची तपासणी केव्हा. मग मामांनीच एकेक कागद ओळखून नाव सांगितले आणि आम्ही ते लिहीत गेलो. त्या दिवशी प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर जुना हेडक्लार्क दिसला.

आपल्यासारख्या परप्रांतस्थ मराठी मंडळींना आणखी एक अडचण भेडसावते, ती नावाची. तेलुगू रीतीने घराण्याचे नाव आधी येते. आपले स्वतःचे नाव, मग वडिलांचे वा पतीचे, मग आडनाव. खिडकीवरचा लेखनिक आपल्या सवयीने लिहितो आणि एकाच मनुष्याची तीन प्रयोगशाळांत तीन नावे होतात. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव, सासरचे नाव आणि इंग्रजी स्पेलिंगाचे नाना प्रकार यांची भर पडते. यंत्राला सुशीलाबाई आणि सुशीला या दोन निरनिराळ्या बायका वाटतात.

जन्मतारखेची कथा याहून मनोरंजक आहे. मामांचा जन्म आश्विनातला. त्यांच्या वडिलांनी पंचांगाच्या मागे '1352 फसली' असे टिपून ठेवले होते, कारण निजामी राज्यात कारभार फसली सनाने चाले. त्यात 590 मिळविले म्हणजे 1942 निघते. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी तारीख लिहिली 1 जून 1942. अशा 1 जूनच्या तारखा आमच्याच व्यवसायातील पूर्वसूरींनी सढळ हाताने वाटल्या आहेत, हे आम्ही संकोचाने मान्य करतो. अनेक वृद्धांच्या आधार कार्डावर तर केवळ जन्मवर्षच असते. यंत्र तारखा जुळवू पाहते आणि जुळत नाहीत म्हणून माणसाला परत पाठविते. तेव्हा वाचकहो, सर्व कागदांवर नाव आणि जन्मतारीख एकच आहे ना, हे आजारपण येण्याआधीच पाहून घ्यावे.

कोणी म्हणेल, हा एका घरचा अनुभव. पण 2011 च्या जनगणनेनुसार देशात 60 वर्षांवरील माणसे 10 कोटींहून अधिक होती, त्यांतील साक्षर सुमारे 44 टक्के आणि वृद्ध स्त्रियांत तर केवळ 28 टक्के. आमचे मामा कारकून होते, इंग्रजी जाणणारे. ज्या आजीबाईंना अक्षरओळखच नाही त्यांनी काय करावे? 1 मार्च 2021 पासून साठीवरील नागरिकांना करोनाची लस मिळू लागली, तेव्हा 'कोविन'वर नोंदणी करताना हाच प्रश्न देशापुढे उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी 31 मे च्या आदेशात या डिजिटल दरीकडे सरकारचे लक्ष वेधले. त्यानंतर ते संकेतस्थळ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले. म्हणजे मनात आणले तर हे करता येते. मोठी अक्षरे, ठळक शाई, आपली भाषा, संथ घड्याळ आणि ऐकून समजण्याची सोय, या काही अशक्य मागण्या नव्हेत. ॲप तयार झाले की ते प्रथम 80 वर्षांच्या माणसाच्या हाती द्यावे. त्याला जमले तर ते सर्वांना जमेल.

तोवर घरच्या तरुणांची मदत लागणारच. पण ती कशी असावी? येथे आम्हांला आमच्या परीक्षागृहातील एक जुनी रीत आठवते. दृष्टिहीन विद्यार्थ्याला लेखनिक दिला जातो. विद्यार्थी सांगेल ते लेखनिकाने लिहावयाचे, आपल्या पदरचे काही घालावयाचे नाही. हात लेखनिकाचा असतो, उत्तर विद्यार्थ्याचे. वृद्धांच्या आरोग्याच्या वहीला असा लेखनिक हवा. आपण मात्र प्रेमापोटी लेखनिकाचे मालक होतो. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत रुग्णाच्या संमतीने मुलाला वा मुलीला स्वतंत्र प्रवेश देण्याची पद्धत आहे. मुलगा आपल्या किल्लीने आत येतो, वडिलांची किल्ली वडिलांपाशीच राहते. आपल्याकडे आपण वडिलांचा पासवर्डच काढून घेतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा आपल्या संसदेने 2023 साली केला, त्यातही मृत्यूनंतर वा असमर्थ झाल्यावर आपले हक्क बजावण्यासाठी आपला माणूस नेमण्याची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. नेमावयाचे कोणाला, हे मात्र ज्याची वही त्याने ठरवावयाचे.

चौथ्या रविवारी मामांनी एक कागद बाजूला ठेवला. "हा मुलाला दिसायला नको," ते म्हणाले. कोणता कागद, ते आम्ही येथे लिहिणार नाही. तो दोन वर्षांपूर्वीचा होता, आणि मुलाने सारे कागद टिपले तेव्हा त्याच्या दृष्टीस तो पडू नये म्हणून मामांनी तो पंचांगात लपविला होता. आम्ही चकित झालो. वृद्धांनाही काही गोष्टी आपल्यापुरत्या ठेवावयाच्या असतात, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. आपल्या देहाचे गुपित राखण्याचा अधिकार साठीला निवृत्त होत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. गूगलसारख्या बलाढ्य कंपनीने 2008 साली 'गूगल हेल्थ' नावाची अशीच वही लोकांना दिली आणि पुरेसे लोक ती वापरीत नाहीत असे पाहून 2012 च्या आरंभी बंद केली. तेव्हा मूळ कागद रद्दीत घालण्याची घाई करू नये. प्रत्येक वृद्धाच्या खिशात एक कार्ड असावे : नाव, रक्तगट, रोग, चालू औषधे व त्यांचे प्रमाण, न सोसणारी औषधे आणि जवळच्या माणसाचा क्रमांक. दर सहा महिन्यांनी ते नव्याने लिहावे. वीज नसतानाही ते वाचता येते.

पाचव्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा मामा ओसरीवर बसले होते. मुलाशी त्यांचे बोलणे झाले होते. मुलाला वाईट वाटले आणि त्याने आपल्या नावाने निराळा प्रवेश मागून घेतला, मामांनी तो दिला. मग आमच्या देखत त्यांनी चष्मा पुसला, मोबाईल उघडला, ओटीपी मोठ्याने वाचला, थांबत थांबत भरला आणि शेवटच्या रक्ततपासणीचा कागद काढून आम्हांला दाखविला. सारे मिळून सहा मिनिटे लागली. आम्ही एका शब्दाने मदत केली नाही.

मामी आतून म्हणाल्या, "तरी मी लिहिते हो माझ्या वहीत." मामा म्हणाले, "लिही. दोन्ही असू दे."